अंगण गेलं, कुत्री-मांजरं घरात आली

कुत्रा माणसाला धरून राहतो आणि मांजर घराला. हा निवाडा आपल्याकडे इतका जुना आहे की त्यावर कोणी वाद घालत नाही. वाद होतो तो पुढच्या पायरीवर: मग सोबतीला चांगलं कोण? कुत्रेवाले निष्ठेचे दाखले देतात, मांजरवाले स्वाभिमानाचे, आणि संध्याकाळ मजेत जाते.

पण हा निवाडा ज्या घरात झाला ते घर आता बहुतेकांकडे राहिलेलं नाही. त्या घराला अंगण होतं, परस होतं, गोठा होता. कुत्रा ओट्याखाली नाहीतर गोठ्याच्या दाराशी पडलेला असायचा. रात्री राखण करायची आणि सकाळी शिळी भाकरी खायची. मांजर कणग्यांच्या आसपास वावरायचं, उंदीर धरायचं. दोघंही निम्मं जेवण बाहेर मिळवायची, विधी बाहेर उरकायची, जोडीदार बाहेर शोधायची आणि आजारी पडली की आडोशाला जाऊन मरायची. पोळी पळवणारं कुत्रं आणि तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावणारे नामदेव ही गोष्ट आपल्याला अजून प्रिय आहे, पण त्या गोष्टीतलं कुत्रंही घरातलं नव्हतं. कोण चांगला सोबती, असं तेव्हा कोणी विचारतच नसे. दोघांना कामं नेमून दिलेली होती.

‘मांजराचं काही करावं लागत नाही’ हे वाक्य त्या काळात खरं होतं, कारण जे करायचं ते परस करत असे. ‘कुत्र्याला काय, भाकरतुकडा टाकला की राहतो’ हेही खरं होतं, कारण उरलेला दिवस तो गावभर फिरायचा. आज चौथ्या मजल्यावरच्या टू बीएचकेमध्ये परसाचं काम कोण करणार आणि गावभर फिरणं कुठून आणणार, हे आधी ठरवावं लागतं. दोघांतला एक निवडायचा तो त्यानंतर.

प्रेम कोणाचं खरं, हा भाग लवकर संपवतो. २०१५ मध्ये जपानमधल्या संशोधकांना दिसलं की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत बराच वेळ पाहत राहिले तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे जिव्हाळ्याशी जोडलेलं संप्रेरक वाढतं. माणसांनी वाढवलेल्या लांडग्यांमध्ये तसं आढळलं नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठात मांजरांची परीक्षा झाली. अनोळखी खोलीत दोन मिनिटं आपल्या माणसाबरोबर, दोन मिनिटं एकटं, मग माणूस परत. जवळजवळ दोन तृतीयांश मांजरं माणूस परत येताच निवळली आणि पुन्हा खोली हुंगत फिरू लागली. म्हणजे ‘मांजर फक्त घराला ओळखतं’ हे म्हणणं टिकत नाही. फरक आहे तो दुसरीकडे. कुत्रा माणसाबरोबर निदान पंधरा हजार वर्षं आहे आणि अडचणीत सापडला की तो माणसाच्या तोंडाकडे बघतो. मांजर धान्यामागे आलेल्या उंदरांमागोमाग आलं. रानात ते स्वतः शिकारी असतं आणि मोठ्या प्राण्यांचं भक्ष्यही. दुखलं-खुपलं तर ते लपवायचं, हा त्याचा जुना शहाणपणा. फ्लॅटमध्ये तोच शहाणपणा त्याच्या जिवावर बेततो, त्याकडे पुढे येऊच.

आधी कुत्रा. प्रौढ कुत्र्याला दिवसातून दोनदा निदान अर्धा-अर्धा तास आणि झोपण्याआधी एकदा पाच-दहा मिनिटं बाहेर न्यावं लागतं. जुलैच्या पावसात, तापात, पाहुणे आलेले असताना आणि सकाळच्या मीटिंगच्या दिवशीसुद्धा. ‘शू करवून आणतो’ याला फिरणं म्हणत नाहीत. कुत्र्याला थांबून हुंगू द्यावं लागतं. वीस मिनिटं मनसोक्त हुंगलेला कुत्रा तेवढाच वेळ नुसता ओढत नेलेल्या कुत्र्यापेक्षा घरी येऊन शांत पडतो. गळ्यातल्या पट्ट्यापेक्षा छातीवरचा हार्नेस बरा, कारण रस्त्यावरची टोळी अंगावर आली की घाबरलेला कुत्रा मागे सरकून गळपट्ट्यातून डोकं सोडवून घेतो आणि रहदारीत पळतो.

पिल्लाचं गणित वेगळं. जितक्या महिन्यांचं पिल्लू, त्यात एक मिळवा. साधारण तितके तास ते लघवी धरू शकतं, आणि तेही झोपेत. जागं असताना झोपून उठल्याबरोबर, खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांत आणि खेळ संपला की लगेच त्याला ठरलेल्या जागी न्यायचं. झालं की तिथेच, त्याच क्षणी खाऊ. घरात झालं तर ओरडू नये. पिल्लू ‘घरात करू नये’ हे शिकत नाही, ‘माणसासमोर करू नये’ हे शिकतं आणि सोफ्यामागे जायला लागतं. आणि ती जागा फिनाईलने पुसण्यात अर्थ नसतो. आपल्याला वास येईनासा होतो, त्याला येतच असतो, आणि उद्या ते पुन्हा तिथेच बसतं. एन्झाइमवाला क्लीनर मिळतो, तो ओतून दहा-पंधरा मिनिटं मुरू द्यायचा आणि मग पुसायचं.

उंच इमारतीत राहणाऱ्यांची खरी कोंडी लसीच्या काळात होते. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या सुमारास, मग दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांपर्यंत, आणि तिसऱ्या महिन्यात रेबीजची. तोपर्यंत पार्व्हो या उलट्या-जुलाबाच्या जीवघेण्या आजाराची भीती असते, आणि पार्व्होचा विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. म्हणून ‘चार महिन्यांपर्यंत खाली उतरवू नका’ असा सल्ला मिळतो आणि घरोघरी तो तंतोतंत पाळला जातो. पण पिल्लाला जग ओळखीचं होण्याचा काळ साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतच असतो. त्या काळात घरात कोंडलेलं पिल्लू पुढे रिक्षाला, छत्रीला, हेल्मेट घातलेल्या माणसाला आणि लिफ्टच्या दाराला घाबरतं, आणि घाबरलेलाच कुत्रा चावतो. मधला मार्ग असा: विधीसाठी बाल्कनीत कृत्रिम गवताचा ट्रे, आणि जग दाखवायला कडेवर घेऊन रोज खाली. बाजार, शाळा सुटण्याची वेळ, ढोल-ताशाचा सराव, सगळं लांबून, कडेवरून, तोंडात खाऊ देत देत. भटकी कुत्री जिथे विधी करतात त्या जमिनीवर मात्र पाय टेकू द्यायचा नाही.

एकटं राहणं हेही शिकवावं लागतं. आधी अर्धं मिनिट दाराबाहेर, मग दोन, मग पाच, मग वीस. कुत्रा अस्वस्थ होण्याआधी परत यायचं. मोबाइलचा कॅमेरा लावून ठेवा, कारण एकटेपणा न सोसणारा कुत्रा बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच येरझारा, लाळ आणि भुंकणं सुरू करतो. दोन महिने घरून काम करताना पिल्लू आणायचं आणि ऑफिस सुरू झालं की एकदम नऊ तास कुलूप लावायचं, हा या शहरांतला सर्रास घडणारा प्रकार आहे. प्रौढ कुत्र्यालाही चार-सहा तासांपलीकडे एकटं ठेवू नये. दोघं नोकरी करणारे असतील तर दुपारी येऊन फिरवणारा माणूस हा महिन्याच्या खर्चातला कायमचा भाग धरा. बाल्कनीत बांधून ठेवलेला कुत्रा पाळलेला म्हणायला माझी जीभ वळत नाही.

जातीबद्दल थोडक्यात, कारण तिथे वाद घालण्यासारखं काही नाही. कुत्र्याला घाम जवळजवळ येतच नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो. त्याच्या शरीराचं तापमान एरवी ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं आणि ४१ च्या वर गेलं की जिवावर बेततं. मे महिन्यातल्या नागपुरात हस्की पाळणं म्हणजे चोवीस तास एसीची हमी देणं. पग आणि शिह त्झू यांचं नाकच इतकं चपटं केलेलं आहे की धापा टाकणंही त्यांना धड जमत नाही. कारवान हा आपल्या दख्खनचा देखणा, लांब पायांचा शिकारी कुत्रा, पण तो उघड्या माळावर धावण्यासाठी घडलेला आहे, पॅसेजमध्ये येरझारा घालण्यासाठी नव्हे. फ्लॅटसाठी माझं मत गावठी कुत्र्याला, तेही शक्यतो वर्ष-दीड वर्षाच्या. अंगावर आखूड केस, हवा सोसते, स्वभाव दिसून आलेला असतो. मात्र गावठीला जिन्यातला प्रत्येक पाऊलआवाज जाहीर करायची सवय असते, हे शेजाऱ्यांच्या वतीने नमूद करतो. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर तळहाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून बघा. टेकवत नसेल तर त्याचे तळवेही भाजणार.

पावसाळ्यात गोचीड. आपल्याकडची तांबूस गोचीड कुत्र्याच्या अंगावरून उतरून भिंतीच्या फटीत, सोफ्याच्या शिवणीत अंडी घालते, एका मादीची हजारो. म्हणून फक्त कुत्र्याला आंघोळ घालून भागत नाही. महिन्याचं किंवा तीन महिन्यांचं गोचिडीचं औषध डॉक्टरांकडून वजनानुसार बारा महिने चालू ठेवायचं आणि फटी साफ करायच्या. अंगावर दिसलीच तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढायची. रॉकेल, काडेपेटी असले प्रयोग नकोत. कुत्र्याने खाणं टाकलं, ताप आहे, हिरड्या फिकट दिसताहेत, नाकातून रक्त आलं, तर त्याच दिवशी रक्त तपासून प्लेटलेट बघायच्या. गोचीडतापाची गोळी बहुधा तीन-चार आठवडे चालते, आणि पाचव्या दिवशी कुत्रा खायला लागला म्हणून ती बंद करणारे लोक महिन्याभराने पुन्हा दवाखान्यात येतात. साचलेल्या पाण्यातून, उंदरांच्या मुतातून येणारा लेप्टो माणसालाही होतो. त्याची लस दर वर्षी, शक्यतो पाऊस सुरू व्हायच्या आधी.

हे सगळं वाचून दमलेला माणूस म्हणतो, त्यापेक्षा मांजर बरं. फिरवणं वाचतं हे खरं. पण मांजराचं काम आत हलतं आणि शांतपणे होतं, इतकंच.

सुरुवात वाळूच्या पेटीपासून. जितकी मांजरं त्यापेक्षा एक पेटी जास्त, हा नियम दोन मांजरांपासून तरी पाळाच. पेटीची लांबी नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजलेल्या मांजराच्या दीडपट. दुकानात ‘कॅट ट्रे’ म्हणून मिळतो तो बहुतेक प्रौढ बोक्यांना अपुराच पडतो; त्यापेक्षा पलंगाखाली सरकवायचा प्लॅस्टिकचा मोठा उथळ डबा स्वस्त आणि बरा. गुठळ्या होणारी बेंटोनाइटची बिनवासाची वाळू दोन ते तीन इंच, सकाळ-संध्याकाळ चाळणी, महिन्यातून एकदा पूर्ण बदल. पेटी वॉशिंग मशीनशेजारी ठेवू नका. एकदा मशीन ऐन वेळी धडधडली की मांजर ती जागा कायमची टाकतं. गाद्यांवर लघवी करणारं मांजर सूड घेत नसतं. पेटी घाण आहे, लहान आहे, अडचणीत आहे, किंवा त्याला दुखतंय. यातलं काय ते शोधायचं, आणि शोध शेवटच्या कारणापासून सुरू करायचा.

बोक्याची मूत्रनळी अरुंद असते. खडे आणि चिकट द्रव साठून ती बंद होते. बोका पेटीत पुन्हा पुन्हा जाऊन बसतो, कुंथतो, थेंब-दोन थेंब पडतात किंवा काहीच नाही, मागचा भाग चाटत राहतो, क्वचित ओरडतो. घरचे म्हणतात, बद्धकोष्ठ झालंय, आणि एरंडेल शोधतात. लघवी तुंबल्यावर रक्तातलं पोटॅशियम चढत जातं आणि एक-दोन दिवसांत हृदय थांबू शकतं. हा रात्री अडीच वाजताही गाडी काढण्याचा प्रसंग आहे. मांजर पाळणाऱ्याला लघवीच्या गुठळ्या रोज मोजता आल्या पाहिजेत, म्हणूनच गुठळ्या होणारी वाळू. किती, केवढ्या, एवढं चाळताना बघितलं तरी पुरे.

मांजर दुखणं लपवतं म्हणून खुणा आपल्याला शिकाव्या लागतात. नेहमीचं कपाट चढायचं थांबलं. पाठीवरचे केस तेलकट, चिकटलेले दिसताहेत, म्हणजे ते स्वतःला चाटत नाही. झोपेत श्वास मिनिटाला तीसच्या वर जातो. माँट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची एक पट्टी तयार केली, तिच्यात पाच गोष्टी बघतात: कान बाहेरच्या बाजूला वळलेत का, डोळे आक्रसलेत का, तोंडाभोवतीचा भाग ताठ आहे का, मिशा ताणून पुढे आल्यात का, डोकं खांद्यांच्या रेषेखाली गेलंय का. एकदा शांत असताना फोटो काढून ठेवा, तुलनेला कामाला येतो. आणि महिन्यातून एकदा वजन. चार किलोच्या मांजराचे चारशे ग्रॅम गेले म्हणजे दहा टक्के गेले; डोळ्यांना ते दिसत नाही, काट्याला दिसतं. लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर यकृतात चरबी साठून वेगळाच जीवघेणा आजार सुरू होतो. ‘रुसलंय, खाईल उद्या’ म्हणण्याची सोय नाही.

खिडक्या. मांजर पडतं तेव्हा पायांवर पडतं, हे अर्धसत्य. न्यूयॉर्कमध्ये इमारतींवरून पडलेल्या १३२ मांजरांचा अभ्यास १९८७ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार मिळालेली बहुतेक वाचली. पण छाती, जबडा, पाय यांच्या दुखापतींची त्यातली यादी वाचली की खिडकी उघडी ठेवायची हिंमत होत नाही. आपल्या ग्रिलमधून मांजराचं डोकं गेलं की अंगही जातं. कबुतरांसाठी लावलेली नायलॉनची जाळी उन्हाने दोन-तीन वर्षांत कुजते आणि नखांनी फाटते. बाल्कनीला पोलादी तारेची जाळी, आणि खालची कड भिंतीला स्क्रूने आवळलेली.

स्वयंपाकघरात मात्र दोघांमधला सगळ्यात मोठा फरक दिसतो, आणि मराठी घरांत तो सगळ्यात कमी ओळखला जातो. माणसाबरोबर राहून कुत्र्याला पिष्टमय अन्न पचवायची ताकद आली. मांजराला मांसाशिवाय जमत नाही. टॉरिन नावाचं द्रव्य ते शरीरात पुरेसं बनवू शकत नाही. ते कमी पडलं की डोळ्याचा पडदा आणि हृदयाचा स्नायू निकामी होत जातो. गाजरातून अ जीवनसत्त्व बनवणंही त्याला जमत नाही. म्हणून ज्या घरात अंडंही येत नाही, त्यांनी मांजर आणायचं तर तयार खाद्याची पिशवी आणि डबा घरात चालवून घ्यायची तयारी आधी करावी. दूध-पोळीवर मांजर जगलेलं दिसतं ते बाहेर उंदीर-पाली-चिमण्या खात असल्यामुळे. बंद घरात दूध-पोळीवर ते खंगतं, आणि प्रौढ मांजराला दुधाने बऱ्याचदा जुलाबच होतात. नुसतं उकडलेलं चिकन हेही पुरं जेवण नव्हे. त्यात कॅल्शियम नसतं, आणि नुसत्या चिकनवर वाढलेल्या पिल्लाची हाडं उडी मारताना मोडतात. उकडताना टॉरिन पाण्यात उतरतं, तेव्हा ते पाणी ओतून देऊ नये. चार किलोच्या नसबंदी झालेल्या मांजराला दिवसाला दोनशे ते अडीचशे कॅलरी पुरतात. निम्मं तरी खाणं ओलं असावं, कारण मांजर मुळात वाळवंटी प्रदेशातलं, पाणी कमी पितं आणि त्याचा राग मूत्रपिंडावर निघतो.

वीस किलोच्या कुत्र्याला हजार-अकराशे कॅलरी लागतात. दहा पोळ्यांत तेवढ्या भरतात, म्हणून बरेच कुत्रे पोळ्यांवरच असतात: पोट सुटलेलं, मांड्या वाळलेल्या. शाकाहारी घरात कुत्रा नीट राहू शकतो, पण अंडं, पनीर, डाळ यांचं प्रमाण आणि कॅल्शियम डॉक्टरांकडून ठरवून घेऊनच.

सणावारी काय काय पोटात जातं त्याची जंत्री वर्षभराची आहे. शिऱ्यातले आणि श्रीखंडातले बेदाणे कुत्र्याचं मूत्रपिंड बंद पाडू शकतात, आणि किती खाल्ल्यावर, याचा नेम नाही. कांदा-लसूण दोघांच्याही रक्तपेशी फोडतात, मांजराच्या जास्त. रश्श्याची वाटी चाटायला देण्यातला लाड त्यामुळे महागात पडतो. उन्हाळ्यात आंब्याची कोय, पावसाळ्यात मक्याच्या कणसाचा बुरकुंडा: कुत्रा गिळतो, आतड्यात अडकतो, पोट उघडावं लागतं. कोंबडीचं शिजलेलं हाड चिरफाळ्या होऊन टोचतं. मांजराचा शत्रू दोरा. गजऱ्याचा दोरा, राखीचा गोंडा, संक्रांतीचा मांजा, सुई-दोऱ्यातला दोरा. मांजराच्या जिभेवरचे काटे मागे वळलेले असतात, एकदा तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही. एक टोक जिभेखाली अडकतं आणि बाकीच्या दोऱ्यावर आतडं नाडीवर चुण्या पडाव्यात तसं गोळा होतं. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढायचा नाही. ओढलात की तो आतडं कापतो. तसाच ठेवून दवाखान्यात.

औषधांच्या डब्याला कुलूप लावा. पॅरासिटामॉलची पाचशेची एक गोळी मांजराला मारू शकते. कुत्र्यासाठी आणलेली परमेथ्रिन या कीटकनाशकाची गोचीड पावडर मांजराला लावली तर झटके येतात. फिनाईलने पुसलेल्या ओल्या फरशीवरून चालून मांजर पंजे चाटतं, आणि त्यातली द्रव्यं निकामी करण्याची सोय त्याच्या यकृतात फारशी नाही. फरशी साबणाच्या पाण्याने पुसली तरी स्वच्छ होते.

दोन भीतींबद्दल. गर्भार बाई घरात आहे म्हणून मांजर सोडून येणारी घरं अजून आहेत. टॉक्सोप्लाझ्मा मांजराच्या विष्ठेतून येतो हे बरोबर, पण बाहेर पडल्यावर तो संसर्ग करण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस लागतात. पेटी रोज दुसऱ्या कोणीतरी साफ केली, मांजराला कच्चं मांस दिलं नाही आणि ते घराबाहेर गेलं नाही, तर धोका फार उरत नाही. न धुतलेली कोथिंबीर आणि कमी शिजलेलं मटण हे मार्ग जास्त लक्ष देण्यासारखे आहेत. उलट रेबीजची भीती जितकी हवी तितकी नसते. मांजर चावलं किंवा ओरबाडलं तर इंजेक्शन लागत नाही हा समज चुकीचा आहे. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही. त्याच दिवशी लस सुरू करायची, आणि कातडी फाटून रक्त आलं असेल तर इम्युनोग्लोब्युलिनही, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन. लक्षणं दिसायला लागल्यावर उपाय जवळजवळ नसतोच. घरातल्या प्राण्याची रेबीजची लस वर्षाच्या वर्षी, कधीही बाहेर न पडणाऱ्या मांजराचीसुद्धा.

कायद्याचं एवढंच, की सोसायटी बहुमताने ठराव करूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालू शकत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट केलंय. महापालिकेचा परवाना काढायचा. पुण्यात २०२२ मध्ये मांजरांसाठीही परवान्याचा निर्णय झाला. कुत्र्याची विष्ठा पिशवीत उचलणाऱ्याशी सोसायट्या कमी भांडतात, हा कायद्याबाहेरचा पण खात्रीचा नियम.

गणपतीला गावी जायचं असतं तेव्हा फरक पुन्हा उघडा पडतो. रेल्वेत कुत्रा आपल्याबरोबर न्यायचा तर फर्स्ट क्लासचा पूर्ण कूपे लागतो, नाहीतर त्याची रवानगी गार्डच्या डब्यातल्या पेटीत. बोर्डिंगवाले लसींचं पुस्तक मागतात, आणि सणाच्या जागा महिनाभर आधी भरतात. मांजराला हलवू नये. घरी ठेवून रोज एकदा कोणीतरी येऊन खाणं, पाणी, वाळू आणि ‘लघवी झाली का’ एवढं बघावं. दोन दिवसांचं खाणं वाढून कुलूप लावणं चालत नाही, कारण बोक्याची लघवी तुंबायला दोन दिवस पुष्कळ झाले.

मग निवड. दोघंही दिवसभर बाहेर, घर लहान, पण खाण्या-पेटीकडे शिस्तीने बघणारं कोणी आहे: दोन प्रौढ, नसबंदी झालेली, एकमेकांना आधीपासून ओळखणारी मांजरं. एकटं पिल्लू नको, ते कंटाळून तुमच्या घोट्यांची शिकार करतं. घरात कोणीतरी दिवसभर असतं आणि त्याला रोज तासभर चालायचं आहे किंवा डॉक्टरांनी चालायला सांगितलंय: कुत्रा. साठी ओलांडलेल्यांनी पिल्लाचा मोह टाळावा. मांजर पंधरा वर्षं सहज जगतं, आणि बारा वर्षांनी तीस किलोच्या लॅब्रेडॉरला जिन्यावरून उचलून न्यायला कोण आहे, हे आजच विचारावं. त्यांच्यासाठी पाच-सहा वर्षांचं, संस्थेतून आणलेलं, शांत जनावर. आणि ज्या घरात मुलाने हट्ट धरलाय म्हणून प्राणी येणार, तिथे तो मुलाचा नसतो. सकाळी साडेसहाला उठणाऱ्या आई-बाबांचा असतो. त्यांना नको असेल तर कोणताच आणू नये.

दोन्ही हवीत असं ठरलं तर आधी मांजर रुळू द्यावं, मग कुत्रा आणावा. पहिला आठवडा बंद दारापलीकडून फक्त वास: एकाचं पांघरूण दुसऱ्याच्या जेवणाजवळ. मग जाळीच्या दारातून नजर, कुत्रा पट्ट्यावर, दोन-तीन मिनिटं, कुत्र्याने मांजराकडून नजर काढून तुमच्याकडे वळवली की खाऊ. तो ताठ उभा राहून टक लावत असेल तर आणखी आठवडाभर मागे जायचं. समोरासमोर आणताना मांजराला निदान पाच फूट उंचीवर पळायला जागा हवी. मांजराचं खाणं ओट्यावर किंवा फळीवर ठेवा, नाहीतर कुत्रा ते दोन घासांत संपवतो आणि मांजर उपाशी राहिल्याचं तिसऱ्या दिवशी कळतं. वाळूची पेटीही कुत्र्याचं तोंड पोचणार नाही अशा खोलीत, दाराला मांजरापुरती फट ठेवून. कारण कुत्र्याला त्या पेटीत काय आवडतं, हे पहिल्याच आठवड्यात दिसतं.